रोस्टर बघितलं, म्हणून लिहितोय

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

फ्रिजवर लावलेलं तुझं रोस्टर इथेच राहिलं. आधी नुसतं नाव वाचलं: 'फर्स्ट ऑफिसर', म्हणजे विमानाची सहवैमानिक, आणि पुढे आपलं आडनाव. दोनदा वाचलं. मग वेळा वाचल्या, आणि आता लिहायला बसलोय.

बुधवारी रिपोर्टिंग ०४:५०. म्हणजे पिकअप साडेतीनला, उठणं पावणेतीनला. आणि मंगळवारी तू पुण्याहून रात्रीच्या फ्लाइटने गेलीस. खोलीवर पोचून अंग टाकेपर्यंत साडेबारा. कागदावर सगळं नियमात आहे. आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, त्यात दोन रात्री मिळाल्या, कंपनीचं काही चुकलं नाही. कंपनीने तुला पाठवलं असतं तर तो प्रवास पोझिशनिंग म्हणून ड्यूटीत धरला असता. घरी येणं-जाणं कुणी धरत नाही. ते तुझ्या झोपेतून जातं.

येऊ नकोस असं म्हणत नाही (आई हे वाचणार आहे). पहाटेचं रिपोर्टिंग असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत हैदराबादला पोच, एवढंच. 'आठला झोपून घेते' म्हणतेस, पण रोज अकराला झोपणाऱ्या शरीराला आठला झोप लागत नाही, संध्याकाळी ते उलट जास्तच जागं असतं. दुपारी एक ते तीनमध्ये दीड तास झोप, किंवा मग वीसच मिनिटं. मधलं पाऊण तास वगैरे नको, गाढ झोपेतून उठलीस की अर्धा तास डोकं जड राहतं. कॉफी प्यायल्यावर पाच तासांनीही निम्मं कॅफीन अंगात असतं, तेव्हा शेवटचा कप त्या हिशेबाने घे.

हॉटेलात चेक-इन करतानाच लिफ्टपासून आणि बर्फाच्या मशीनपासून लांबची खोली माग. तिथे लाजायचं काय? पडद्यांच्या मधली फट चिमट्याच्या हँगरने बंद कर. एसी वीस-एकवीसवर. खोलीतल्या फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' वेगळं सांगावं लागतं, दारावर पाटी लावून भागत नाही.

लक्ष्मी रोडवर ढोल-ताशे घुमत असताना माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपायचीस तू. टिळक चौकापर्यंत गेलो तरी जाग नाही. आई म्हणायची, हिला उचलून नेलं तरी कळायचं नाही. आता एसीच्या आवाजाने उठतेस.

बरं, पाणी. चिन्मय म्हणाला तू फ्लाइटमध्ये पाणीच पीत नाहीस, कारण टॉयलेटला जायचं तर केबिन क्रूला कॉकपिटमध्ये उभं करावं लागतं. करू दे उभं. वरच्या हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली असतो. मुतखडा झाला की मेडिकलला अनफिट लागलं, आणि मग पुन्हा घरी बसणं आलं.

चिन्मयने आणखीही सांगितलं, फटीग रिपोर्टबद्दल, म्हणजे थकल्यामुळे उडत नाही असं लेखी कळवण्याबद्दल. त्याच्यावर चिडू नकोस. 'फटीग रिपोर्ट टाकला की नाव डोळ्यांवर येतं, एकदा नोकरी गेलीय बाबांना माहीत नाही का' असं तू म्हणालीस म्हणे. माहीत आहे. कंपनी बंद पडल्यावर स्वतःच्या पैशाने सिम्युलेटरचे तास घेऊन तू हात चालू ठेवलेस, मेडिकल एकदाही लॅप्स होऊ दिलं नाहीस. कुणाला सांगत नाही, पण सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सांगतो. आजीच्या गहाण पाटल्या सुटतील तेव्हा सुटतील. त्यांच्यासाठी एकही जास्तीचं सेक्टर, एकही जास्तीचं उड्डाण घेऊ नकोस.

विमानांच्या हँगरमध्ये लाइफ लिमिटेड पार्टचे, म्हणजे ठरावीक आयुष्य असलेल्या भागाचे, सायकल (वापराच्या फेऱ्या) भरले की तो निघतो. दिसायला चकाचक असला तरी निघतो, 'अजून दोन फेऱ्या होतील' हे कुणी ऐकून घेत नाही. तुझे सायकल मात्र तुलाच मोजायचे आहेत. ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या नळीत दारू कळते, जागरण कळत नाही. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. १९९७ सालीच हे मोजून झालंय.

घाबरवायचं नव्हतं, पण लिहितोच. २२ मे २०१०, मंगळूरचा विमान अपघात. कॉकपिटच्या दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टन एक तास चाळीस मिनिटं झोपले होते, असं चौकशी अहवालात आहे. उठल्यावर पुरते भानावर आले नव्हते. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरला चूक कळली होती, 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलंही होतं. १५८ माणसं गेली. तू उजव्या सीटवर बसतेस. तिथला माणूस जागा असून हे झालं, तो पेंगत असता तर?

पुरे. फोनवर असं बोलायला लागलो की तू 'हो बाबा' म्हणतेस आणि मला कळतं की फोन स्पीकरवर टाकून तू बॅग भरते आहेस. रागावू नकोस.

पण रिपोर्ट टाकायची वेळ आली तर टाकायचा. आपण थकलो आहोत हे माहीत असताना न उडणं ही क्रूची जबाबदारी नियमातच लिहिलेली आहे, ती मेहेरबानी नाही. शेड्युलिंगला कारणं सांगत बसू नकोस, आवाज चढवू नकोस. तीन ओळी लिही: कधी झोपलीस, किती झोप लागली, रिपोर्टिंगच्या वेळी किती तास जागी असशील. तारीख, फ्लाइट नंबर. एक प्रत स्वतःकडे ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. आजीने बॅगेत घातलेली द्राक्षासवाची बाटली मी काढून घेतली आहे. आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो, होमिओपॅथीच्या थेंबांतही असतो. माउथवॉशची बाटलीही उलटी करून लेबल वाच. आजीला मी 'सईने नेली' असं सांगितलंय, तेव्हा विचारलं तर 'गुण आला' म्हण.