जनुकीय चाचण्या सांगली-मिरजेत : यंत्र आलं, पुढचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविडच्या वेळी आरटी-पीसीआर यंत्रं जिल्ह्यात आली. ‘यंत्र आहेच, किट मागवू आणि जनुकीय चाचण्या इथेच सुरू करू, नमुने पुण्या-मुंबईला कशाला पाठवायचे,’ अशी चर्चा आता लॅबवाल्यांत ऐकू येते. विचार चांगला आहे. पण यंत्र हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग, हे आधीच सांगितलेलं बरं.

कोविडची चाचणी बंद ट्यूबमध्ये सुरू होऊन तिथेच संपते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची म्युटेशनं (जनुकातले बदल) शोधणाऱ्या आर्म्स-पीसीआरमध्ये मात्र शेवटी ट्यूब उघडून आतला थेंब जेलवर टाकावा लागतो; तिथे डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात. त्या थेंबात एकाच तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. त्या हाताला, पिपेटला, एप्रनला लागतात आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीच्या रसायनांच्या मिश्रणात पडतात. मग नुसतं पाणी घातलेल्या निगेटिव्ह कंट्रोललाही पट्टी दिसते आणि अख्खी बॅच फेकावी लागते. म्हणून मिश्रण बनवायला एक, डीएनए काढायला दुसरी आणि पीसीआर-जेलला तिसरी अशा तीन खोल्या हव्यात. तिन्हींकडे वेगळी पिपेटं, फिल्टरच्या टिपा, वेगळे एप्रन. जेलच्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी मिश्रणाच्या खोलीत परतायचा नाही. आपल्याकडे कशातही हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) ओतायची सवय आहे. टेबल पुसायला तो ठीक, तोही रोज ताजा बनवून. पण डीएनए काढायच्या बहुतेक किटांच्या बफरमध्ये ग्वानिडीन असतं, त्यावर हायपो पडला की विषारी वायू सुटतो. ती वेस्टची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा.

नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, २ ते ३ मिली. हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब क्रोमोसोमच्या कल्चरला लागते; पीसीआरला हेपॅरिन अडवतं आणि कारण न कळता चाचणी फेल जाते. डीएनएसाठीचं रक्त फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, त्यामुळे तिथे घाई नाही.

घाई आहे ती बीसीआर-एबीएलला. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये गोळ्या लागू पडताहेत का, हे या चाचणीवर ठरतं. ती आरएनएवर होते, आणि आरएनए दिवस-दोन दिवसांत तुटायला लागतो. शनिवारी संध्याकाळी कुरिअरला दिलेला नमुना सोमवारी टेबलावर येतो. अशा नमुन्यात एबीएलच्या (नमुना पुरेसा चांगला आहे का, हे दाखवणाऱ्या तुलनेच्या जनुकाच्या) प्रती १० हजारांच्या खाली गेल्या की ‘आढळलं नाही’ या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही. रुग्ण मात्र बरं वाटून घेतो. म्हणून इथे सुरू करायची पहिली चाचणी हीच असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण पैशाची. एका रनमध्ये बीसीआर-एबीएलची पाच आणि एबीएलची तीन प्रमाण द्रावणं (प्रतींची संख्या आधीच माहीत असलेली) दुहेरी लावली की १६ वेल (प्लेटमधले खड्डे) तिथेच गेल्या, वर कंट्रोल. रुग्णाला लागतात चार. एका नमुन्यासाठी यंत्र लावलं तर परवडणारच नाही. सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), विटा इथल्या लॅबनी मिळून आठवड्यातला एक वार ठरवावा. तोपर्यंत निदान रक्तातून आरएनए त्याच दिवशी काढून, गोठवून, ड्राय आइसमध्ये पुढे पाठवावा.

थॅलेसेमियात सुरुवात एचपीएलसीनेच, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीने. गरोदर बाईचं एचबीए-२ (त्यातला एक प्रकार) चार टक्के किंवा वर असेल तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात. लोहाची कमतरता हा आकडा खाली ओढते आणि मायनर (म्हणजे आजाराचा वाहक) लपतो. अलीकडे रक्त चढवलेलं असेल तर तीन महिने थांबावं. दोघंही मायनर निघाले तरच डीएनए. भारतात नेहमी आढळणारी पाच म्युटेशनं तपासली की बहुतेक जोडप्यांचं उत्तर मिळतं. पाचांत काही सापडलं नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहू नये, नमुना सिक्वेन्सिंगला पाठवावा. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत करायची, तर त्याआधी आईवडिलांची म्युटेशनं हातात हवीत. बाहेरच्या रिपोर्टची वाट बघण्यात नेमके तेच दिवस जातात. गर्भाचा नमुना मात्र मोठ्या केंद्रातच जावा, कारण त्यात आईच्या पेशी मिसळल्या आहेत का हे वेगळं तपासावं लागतं. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्तावरची चाचणीही येते. तेव्हा समुचित प्राधिकाऱ्याकडे ‘नमुना अ’ हा अर्ज भरून नोंदणी झाल्याशिवाय हात घालू नये. म्हैसाळचं २०१७ चं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण झालेल्या जिल्ह्यात तर नाहीच नाही.

एचएलए-बी२७ (मणक्याच्या एका संधिवातासाठीची चाचणी) सोपी आहे, नमुनेही भरपूर येतात. तिच्यावर हात बसवून घ्यावा. शेकडो जनुकं एकदम तपासणाऱ्या पॅनेलच्या मागे मात्र आत्ता लागू नये. एकेका रनला ढीगभर नमुने लागतात, आणि ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघाला की तो कुटुंबाला समजावणारा जनुकतज्ज्ञ इथे रोज बसत नाही.

दोन गोष्टी फ्रीझरच्या आणि जागेच्या. उणे २० चा फ्रीझर आपोआप डिफ्रॉस्ट होणारा घेऊ नये. त्यात तापमान वरखाली होऊन एन्झाइम मरतात. आणि सांगलीत लॅब तळमजल्यावर नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती.

आयएमए (डॉक्टरांची संघटना) आणि पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी आधी एवढंच करावं : प्रत्येक लॅबच्या रजिस्टरमधून गेल्या वर्षी कुठल्या चाचणीचे किती नमुने बाहेर गेले, याचे आकडे काढून एकत्र मांडावेत. कुठली चाचणी, किती वेळा आणि कोणाकडे लावायची, ते त्यावरून ठरेल.

आपला,
प्रयोगशाळा क्षेत्रातील एक वाचक, मिरज