घर नाकारणारे शहर

महोदय,

दरवर्षी 23 सप्टेंबरला वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर, जिथे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला, पुढाऱ्यांची रीघ लागते. 1917 मध्ये इथले महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना या शहरात राहायला घर मिळाले नाही, पारशी खानावळीतूनही हुसकावले गेले. ज्यांच्या शिष्यवृत्तीवर ते परदेशी शिकले, त्यांच्याच राजधानीत हे घडले! हार घालताना हे कुणी आठवत नाही.

2024 मध्ये हरणी भागात मुख्यमंत्री आवास योजनेत सोडतीने घर मिळालेल्या मुस्लिम महिलेला शेजाऱ्यांनी विरोध केला. सरकारी योजना, सरकारी सोडत, तरी ही गत. त्यात 1991 चा अशांत धारा, म्हणजे गुजरातचा अशांत क्षेत्र कायदा. दंगलीत घाईघाईने, मातीमोल भावाने घरे विकावी लागू नयेत म्हणून केलेला कायदा आज वस्त्या धर्मावर वाटून ठेवतो. अशांत ठरवलेल्या भागात घर विकायचे तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी!

दिल्लीत संविधानाच्या पंचाहत्तरीची भाषणे झाली. कलम 19 देशात कुठेही राहण्याचा हक्क देते. आमच्या मराठी मंडळींनाही सांगणे आहे: गायकवाडांचा अभिमान मिरवता, मग भाडेकरूचे आडनाव का विचारता?

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा