मुलीच्या फेफऱ्याची गोळी लग्नाआधी ठरू द्या

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. जांबोटी, कणकुंबीकडून फिट येणाऱ्या मुलींच्या चिठ्ठ्या येतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींनाही बहुतेक वेळा सोडियम व्हॅल्प्रोएटच लिहिलेलं असतं.

व्हॅल्प्रोएट वाईट औषध नव्हे. फेफऱ्याच्या काही प्रकारांत त्याच्याइतका गुण दुसऱ्या गोळीचा येत नाही. पण गरोदरपणी ते चालू असेल तर 10 पैकी एका बाळाला जन्मतः मोठं व्यंग असू शकतं. 100 पैकी 30 ते 40 मुलांचं बोलणं, शिकणं मागे पडतं. बाळाचा मेंदू-मज्जारज्जू जिच्यातून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तेव्हा दिवस गेल्याचं त्या बाईलाही ठाऊक नसतं! आशाताई नाव नोंदवून घेईपर्यंत ती वेळ टळलेली असते. ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून 55 वर्षांखालच्या रुग्णाला हे औषध नव्यानं द्यायचं तर दोन तज्ज्ञांचं एकमत लागतं.

लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन या फेफऱ्यावरच्याच दुसऱ्या गोळ्यांत बाळाला धोका बराच कमी. पहिलीनं काहींची चिडचिड वाढते. दुसरीचा डोस आठवड्या-आठवड्यानं चढवावा लागतो, घाई केली तर पुरळ उठून जिवावर बेतू शकतं. काही गर्भनिरोधक गोळ्यांनी तिचा असरही कमी होतो. हे मुलीला आणि तिच्या आईला बसवून सांगायला हवं. आणि सांगितलेली गोळी पुढच्या महिन्यातही मिळायला हवी. नाही मिळाली की घरचे औषधच सोडतात, मग झटके उसळतात.

आमच्याकडे लग्न जमवताना हा आजार लपवतात. लग्नाला आड येणारा फेफऱ्याचा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्ये निघाला, पण सासरी गोळी अजून चोरून घेतली जाते. अशी मुलगी डॉक्टरला काय विचारणार?

साहेब, या दोन्ही गोळ्या तालुका रुग्णालयात बारमाही ठेवा. वयात आलेल्या प्रत्येक मुलीच्या गोळीचा मेंदूविकारतज्ज्ञाकडून वर्षातून एकदा फेरविचार व्हावा, आणि माहितीपत्रक कन्नडसोबत मराठीतही द्यावं. हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावात याल, तेव्हा यावर सभागृहात उत्तर द्यावं, ही विनंती.

आणि व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या बहिणींनो, हे वाचून गोळी आपल्या मनानं थांबवू नका. आधी डॉक्टरांना भेटा.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक औषधविक्रेता