टेरोसॉरचं बारसं

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

उडत्या सरीसृपाला नाव कसं मिळतं, असं तू विचारलंस. नाव सगळ्यात शेवटी, आधी हाड. डायनासोरांच्या काळातले हे उडते सरीसृप म्हणजे टेरोसॉर. त्यांची लांब हाडं पोकळ, भिंत बऱ्याचदा जेमतेम मिलिमीटरभर. वर गाळ चढला की ती चपटी होतात. ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यात मात्र चुनखडीच्या गाठींमध्ये ती न चेपता टिकली आहेत. ही गाठ छिन्नीने फोडण्यापेक्षा सौम्य फॉर्मिक किंवा ॲसिटिक ॲसिडात विरघळवलेली बरी. हाड जेवढं उघडं पडेल तेवढ्यावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइडचा, म्हणजे हाडाला बळकटी देणाऱ्या रेझिनचा, हात द्यायचा, वाळू द्यायचं, मग पुन्हा ॲसिडात. दगड विरघळतो आणि हाडाचं फॉस्फेट टिकतं. पण ॲसिड तीव्र झालं तर तेही खाल्लं जातं. घात बहुधा धुण्यात होतो. छिद्रांत राहिलेले क्षार वाळताना स्फटिक होऊन फुगतात आणि हाड आतून तडकतं. म्हणून जितका वेळ ॲसिडात, त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ पाण्यात.

विकत आलेल्या नमुन्यावर तर डोळे मिटून विश्वास ठेवूच नये. याच खोऱ्यातल्या एका कवटीचं तोंड कुणीतरी लिंपून लांबवलं होतं. ती निघाली डायनासोरची. अभ्यासकांनी १९९६ साली तिला ‘इरिटेटर’ असं नाव देऊन आपला वैताग कायमचा नोंदवून ठेवला!

आता हातातला नमुना टेरोसॉरचाच कशावरून? अफाट लांबलेलं चौथं बोट आणि मनगटापाशी टेरॉइड नावाचं काडीसारखं हाड, जे दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही. निसर्गअभ्यासक कोलिनीने १७८४ साली जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीतला पहिला नमुना वर्णिला, तेव्हा त्याला तो समुद्री प्राणी वाटला. उडणारा सरीसृप हे ओळखलं फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्युव्हिएने, १८०१ साली. १८०९ मध्ये त्याने ‘टेरो-डॅक्टिल’ हे नावही दिलं. पुढे १८१२ साली जर्मन शरीररचनातज्ज्ञ झॉमरिंगने तो वटवाघळासारखा प्राणी समजून त्याला ‘ऑर्निथोसेफॅलस अँटिक्वस’ म्हटलं. प्रजातीचं नाव, म्हणजे जोडनावातला पहिला शब्द, मागे पडलं, पण जातीचं ‘अँटिक्वस’ टिकलं. आज तो टेरोडॅक्टिलस अँटिक्वस आहे.

खरा सापळा वयाचा. पिल्लू आणि प्रौढ इतके वेगळे दिसतात की प्रत्येक मापाला नवी जात निघते. रॅम्फोऱ्हिंकस या टेरोसॉरच्या बव्हेरियातल्या अनेक जाती १९९५ साली बेनेट या अभ्यासकाने एकाच जातीच्या वाढीच्या पायऱ्या ठरवल्या. म्हणून पंखाच्या बोटाच्या पहिल्या कांड्याच्या मुळाशी, स्नायूरज्जू जिथे जोडतो तो उंचवटा, भिंगाखाली बघावा. कांड्यापासून सुटा असेल तर प्राणी अजून वाढत होता. खांद्याची दोन हाडं सांधली आहेत का, तेही पाहावं. निव्वळ डोक्यावरचा तुरा वेगळा म्हणून नवी जात करू नये. टेरॅनोडॉन या टेरोसॉरमध्ये मोठा तुरा नराचा, छोटा मादीचा मानतात.

एवढं झाल्यावर प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली. एक नामधारक नमुना, म्हणजे होलोटाइप, तो कुठल्या संग्रहात आहे ते, आणि जवळच्या जातींपासून वेगळेपण सांगणारं वर्णन. लेख फक्त इलेक्ट्रॉनिक असेल तर २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी करून ती लेखातच दाखवावी लागते, नाहीतर नाव ग्राह्य नाही. तेच प्रजातीनाम आधी एखाद्या भुंग्याला दिलेलं असलं तरी आपलं गेलं.

होलोटाइप कसा जखडून ठेवतो, त्याचा नमुना बघ. इंग्रज अभ्यासक सीलीने १८८७ साली कमरेच्या मणक्यांवरून ‘ऑर्निथोडेस्मस’ ही प्रजाती केली आणि पुढे एक खराखुरा टेरोसॉरही तिच्यात घातला. नंतर कळलं, ते मणके छोट्या मांसाहारी डायनासोरचे होते. नाव गेलं मणक्यांबरोबर. टेरोसॉर बिनानावाचा राहिला आणि २००१ साली त्याला ‘इस्टिओडॅक्टिलस’ करावं लागलं.

टेक्सासचा क्वेट्झालकोॲटलस हा अवाढव्य टेरोसॉर तर नावासाठी नशिबावर सोडलेला. १९७१ साली लॉसन या अभ्यासकाला एका प्रचंड पंखाची हाडं मिळाली आणि १९७५ साली त्या अर्धवट पंखावरच ‘नॉर्थ्रोपी’ हे नाव बसलं. त्याच भागात मिळालेली छोट्या प्राण्यांची हाडं कितीतरी जास्त पूर्ण होती. तरी त्यांना ‘लॉसनी’ हे स्वतःचं नाव मिळालं ते थेट २०२१ मध्ये. तू पाठवलेल्या फोटोत फक्त एक कांडं दिसतंय. आधी त्याच्या मुळाचा जवळून फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून.

तुझा,
श्रीधर