छोट्या विमानतळाचा हिशोब तिकिटावर नको

संपादक साहेब, नमस्कार.

अमरावतीच्या बेलोऱ्याला 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा आमच्या नागपुरात बरेच जण म्हणाले, एवढ्या जवळ आपलं एअरपोर्ट असताना हे कशाला. मला हे अजिबात पटत नाही. गोंदियाचं बिरसी बघा ना, धावपट्टी इंग्रजांच्या काळातली, पण तिथं पायलट ट्रेनिंगची संस्था आहे, म्हणजे पोरांना खोल्या लागतात, मेस, धोबी, ऑटो सगळंच लागतं अन् हा पैसा तिथंच फिरतो. माझी मावसबहीण तिकडं डबे देते, सुरुवातीला चार होते आता बावीस झाले, पहाटे चारलाच तिचा गॅस पेटतो, पोळ्या लाटायला शेजारच्या दोघी येतात, त्यांचंही घर चालतं. हे बावीस डबे विमानतळाच्या ताळेबंदात कुठं दिसतात सांगा?

लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतली सबसिडी विमान कंपनीला एका मार्गासाठी 3 वर्षंच मिळते, नंतर बऱ्याच ठिकाणी फेऱ्या बंद पडल्यात. बेलोऱ्याचं तसं होऊ नये म्हणून सरकारनं अन् तिथल्या व्यापाऱ्यांनी आत्ताच बसून काहीतरी ठरवावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर