रॉबर्ट एन्के आणि खेळाडूंच्या उपचारांची गुप्तता : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

10 नोव्हेंबर 2009 रोजी जर्मनीचा गोलकीपर रॉबर्ट एन्के याने आत्महत्या केली. वय अवघं 32. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात गोलपोस्टसमोर तोच उभा राहील, अशी चर्चा होती. दुसऱ्या दिवशी पत्नी टेरेसा आणि त्याचे मानसोपचारतज्ज्ञ पत्रकारांसमोर बसले, तेव्हा कुठे लोकांना त्याच्या नैराश्याबद्दल कळलं. 2003 मध्येही त्याने त्यासाठी उपचार घेतले होते.

गोलकीपरचं काम मोठं विचित्र. स्ट्रायकरने तीन संधी दवडल्या तरी चौथीला त्याला डोक्यावर घेतात; कीपरच्या हातून एक चेंडू सुटला की तोच लक्षात राहतो. 2002 मध्ये एन्के बार्सिलोनाकडून पहिला सामना खेळला तो नोव्हेल्डा या खालच्या श्रेणीतल्या संघाशी. बार्सिलोना 3-2 अशी हरली आणि संघातल्याच एका ज्येष्ठ खेळाडूने चारचौघांत त्याच्यावर खापर फोडलं. पुढच्या वर्षी तुर्कस्तानात फेनरबाचेकडून तो एकच सामना खेळला. त्यात घरच्याच प्रेक्षकांनी त्याच्यावर हाताला येईल ते भिरकावलं. त्यातूनही सावरून तो हॅनोव्हरचा कर्णधार झाला, जर्मनीकडून 8 सामने खेळला. 2006 मध्ये त्याची दोन वर्षांची लेक लारा जन्मजात हृदयविकाराने गेली. आठवडा उलटायच्या आत बाप पुन्हा मैदानात! तेव्हा त्याच्या खंबीरपणाचं कौतुक झालं. मला आज ते कौतुकच खटकतं.

एन्केला मदत नव्हती असं नाही. डॉक्टर होते, बायको पाठीशी होती. पण रुग्णालयात दाखल व्हायला तो राजी नव्हता. बातमी फुटली तर संघातली जागा जाईल आणि त्याच वर्षी दत्तक घेतलेली लैला आपल्याकडून काढून घेतील, ही धास्ती. म्हणून शेवटच्या महिन्यांत तो सामने चुकवत होता तेव्हा बाहेर जंतुसंसर्गाचं कारण सांगितलं गेलं.

त्याच्या अंत्यविधीला हॅनोव्हरचं स्टेडियम भरलं. 2010 च्या जानेवारीत जर्मन फुटबॉल महासंघ, तिथली लीग आणि हॅनोव्हर क्लब यांनी मिळून त्याच्या नावाने फाउंडेशन काढलं. नैराश्य आणि मुलांचे हृदयविकार या दोन्हींसाठी ते काम करतं. त्याची धुरा टेरेसाकडे आहे.

शिबिरांत मानसशास्त्रज्ञ नेमा, ही नेहमीची मागणी मी करत नाही. तो ज्यांच्या पगारावर आहे तेच संघ निवडणार असतील, तर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्याच्यापुढे तोंड उघडेल का? आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो ड्रेसिंग रूमपर्यंत पोहोचायला हवा. क्रीडा महासंघांना अनुदान देताना दोन अटी घाला. खेळाडूच्या मानसिक उपचारांचा कागद त्याच्या परवानगीशिवाय निवड समितीपुढे जाणार नाही. आणि अशा उपचारांसाठी घेतलेली सुट्टी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसारखीच धरली जाईल. त्या काळात शिष्यवृत्ती बंद होणार नाही. याला नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाचं एक परिपत्रक पुरे.

कळावे,
आपला,
एक फुटबॉलप्रेमी