नेपाळच्या सामुदायिक वनांच्या अभ्यासदौऱ्यासाठी मदतीचे आवाहन

सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे गावाला आपले जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क देणारा कागद, मिळाला की काम संपत नाही, सुरू होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली हा हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांच्या हाती पट्टे आले. बांबू-तेंदूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला. पण कोणत्या बेटातून किती बांबू काढायचा, एक वर्षाच्या आतले कोंब कसे राखायचे, पैसा कसा वाटायचा आणि हिशेब कोणी तपासायचा, हे अनेक गावांत अजूनही दर हंगामाला नव्याने ठरते.

म्हणून आमच्या ग्रामसभांच्या संघाने पर्यावरणशास्त्र, समाजकार्य आणि वनस्पतिशास्त्रात एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या गावातल्याच 12 मुलामुलींना 10 रात्रींसाठी नेपाळला पाठवायचे ठरवले आहे.

नेपाळच का? तिथे 1993 च्या वन कायद्याने जंगल गावांच्या उपभोक्ता समूहांकडे, म्हणजे ते जंगल वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांकडे सोपवले. आज असे 22,000 हून अधिक समूह आहेत. प्रत्येकाचे स्वतःचे विधान (नियमावली) असते आणि वन कार्यालयाने मंजूर केलेली कार्ययोजना असते. तिच्यात जंगलाचे खंड पाडून कोणत्या वर्षी कुठे विरळणी (दाटीतली काही झाडे तोडून बाकीच्यांना जागा करणे) करायची ते लिहिलेले असते. उत्पन्नातला किमान चौथा हिस्सा जंगलावरच खर्चावा लागतो. हे सगळे नेपाळीत, म्हणजे देवनागरीत असल्याने आमची मुले सभेची वही स्वतः उघडून वाचू शकतील. युरोपात ही सोय नाही, आणि तिथला खर्चही झेपणारा नाही.

तिथे जे फसले तेही पाहायचे आहे. काठमांडूच्या पूर्वेकडच्या काभ्रे भागात उघड्या डोंगरांवर पाइन लावले गेले आणि ते वाढले. पण विरळणी वेळेवर झाली नाही तर खाली रुंद पानांच्या झाडांची रोपे उठत नाहीत. तरुण आखातात गेल्याने तोडायला माणसे नाहीत, आणि माकडे शेतात उतरतात. आपल्याकडेही गावातले तरुण बाहेर जात आहेत.

दौरा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. मार्चपासून मोह वेचायचा असतो. पावसाळ्यात नेपाळच्या सखल भागातल्या चितवनहून वर डोंगरात जाणारा रस्ता धोक्याचा: जुलै 2024 मध्ये तिथे दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. बल्लारशा ते गोरखपूर रेल्वेने, तिथून सोनौली सीमा, मग चितवन आणि काभ्रे असा मार्ग आहे. नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण या वयाच्या मुलांना आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्रच लागते. ज्यांच्याकडे ते नाही त्यांचे अर्ज भरून झाले आहेत. आपला भाग मलेरियाचा असल्याने निघण्यापूर्वी सर्वांची रक्ततपासणी होईल.

दौऱ्याची सहल होऊ नये म्हणून प्रत्येकाला एकच विषय दिला आहे: विरळणी, लेखापरीक्षण, महिलांचा कार्यकारिणीतला वाटा, वणवा, वन्यप्राण्यांचे नुकसान. परतल्यावर 30 दिवसांत प्रत्येकाने आपल्या ग्रामसभेत तो विषय मांडायचा आणि एका कार्ययोजनेचा मराठी अनुवाद करायचा.

खर्च माणशी असा: रेल्वे 1,600, नेपाळमधील वाहन 4,500, राहणे-जेवण 11,000, दुभाषी व प्रवेश शुल्क 2,400, विमा-औषधे 1,000, साहित्य 500, एकूण 21,000 रुपये. सोबत दोन मार्गदर्शक धरून 14 जणांचे 2,94,000 होतात. ग्रामसभांनी 84,000 दिले, विद्यार्थी प्रत्येकी 2,000 भरत आहेत. राहिले 1,86,000 रुपये, तेवढीच रक्कम मागतो.

रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, त्यामुळे रक्कम 5 डिसेंबरपर्यंत हवी. धनादेश किंवा खात्यात थेट भरणा चालेल. करसवलतीची पावती आम्ही देऊ शकत नाही, साधी पावती त्याच दिवशी मिळेल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी पैसे पाठवू नयेत, आमच्याकडे विदेशी निधी घेण्याची नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेले परदेशस्थ मराठी बांधव भारतातल्या आपल्या खात्यातून देऊ शकतात.

वस्तूही चालतील: 30 मीटरच्या मोजपट्ट्या चार, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या 14, जाड स्वेटर. काभ्रेच्या थंडीची आमच्या मुलांना सवय नाही. वस्तू संघाच्या कार्यालयात बाजाराच्या दिवशी आणून द्याव्यात.